गर्भवती भगिनींची यात्रा आणि चक्कर

काष्टी व श्रीगोंदे परिसरातून भीमाकाठच्या श्रीक्षेत्र सिद्धटेकास दर्शनासाठी जाणाऱ्या कुटुंबांत गर्भवती भगिनीही असतात. चतुर्थीस रांग लांब असते, ऊन असते आणि बहुधा उपवासही असतो. अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात गुंई आवाज होतो, घाम सुटतो व पाय लटपटतात. ‘दिवसच असे आहेत’ असे म्हणून ती भगिनी गप्प राहते. रांग सुटेल, घरच्यांचा खोळंबा होईल, ही भीती तिला असते. या संकोचापायीच अनेकदा पडण्याचा प्रसंग ओढवतो.

गर्भावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने रक्तवाहिन्या सैल होतात. त्यामुळे पहिल्या व मधल्या महिन्यांत रक्तदाब काहीसा उतरतो. एका जागी फार वेळ उभे राहिल्यास रक्त पायांत साचते, मेंदूस पुरवठा क्षणभर अपुरा पडतो आणि चक्कर येते. झटकन उठल्यानेही असेच होते. पाचव्या महिन्यानंतर उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो व जीव घाबरा होतो. म्हणून धर्मशाळेत विश्रांती घेताना कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर निजावे.

उपवासाविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा सुटतो. तोपर्यंत केवळ चहावर राहणे गर्भवतीस मानवत नाही. रक्तातील साखर उतरते व शरीरातील पाणी कमी होते. बालक, वृद्ध, रोगी आणि गर्भिणी यांना कडक उपवासातून मोकळीक देण्याची आपली परंपराच आहे. तरीही उपवास करावयाचाच असेल, तर दूध, ताक, फळे, शेंगदाणे, राजगिरा असे काही दर दोन-तीन तासांनी घ्यावे आणि पाणी वरचेवर प्यावे. मधुमेह असल्यास किंवा इन्सुलिन चालू असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास मुळीच करू नये. निर्जळी व्रत कोणत्याही गर्भवतीने धरू नये.

सिद्धटेकची प्रदक्षिणा टेकडीसह घालण्याचा प्रघात असल्याने ती लांबची आहे. ती घरच्या इतर मंडळींनी करावी. गर्भवतीने गाभाऱ्यासमोर हात जोडून सावलीत बसावे. रांगेत उभे असताना टाचा वर-खाली कराव्यात, पायांची बोटे हलवावीत, सैल सुती वस्त्रे नेसावीत. काष्टीस शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्या दिवशी वाहनांची दाटी व खोळंबा गृहीत धरूनच घरून निघावे, आणि उन्हाळ्यात शक्य तर पहाटेच.

पहिली अंधारी येताच, जेथे असेल तेथे, खाली बसावे. धर्मसंकोच नको. बसणे शक्य असल्यास डोके गुडघ्यांकडे झुकवावे, पोट मोठे असल्यास डाव्या कुशीवर निजावे. सोबतच्यांनी गर्दी हटवून वारा मोकळा करावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी, साखर वा तीर्थ घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. दृष्ट काढावयाची असेल तर ती घरी परतल्यावर काढावी. शुद्ध आल्यावरही एकदम उभे करू नये. आधी बसवावे, मग काही वेळाने आधार देऊन उठवावे.

भोवळ मात्र निराळी असते. तीत अंधारी न येता सभोवतालचे सारे गरगर फिरताना दिसते, कूस बदलताच घेरी येते व मळमळते. तिचे मूळ बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागात असते. डोके स्थिर ठेवून नजर एका जागी रोखावी, पायऱ्या चढू-उतरू नयेत आणि दुकानातून आपल्या मनाने चक्करेची गोळी घेऊ नये.

वारंवार चक्कर येत असेल तर रक्तक्षयाची शंका घ्यावी. गर्भवतीचे हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा खाली असणे हा रक्तक्षय होय. चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस लोहाची गोळी शासकीय केंद्रात मोफत मिळते. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास अंगी अधिक लागते. प्रवासातही गोळी चुकवू नये. 2016 पासून दरमहा 9 तारखेस शासकीय आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची विशेष मोफत तपासणी होते, म्हणून यात्रेचा दिवस शक्यतो त्यानंतरचा धरावा.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास दर्शन राहू द्यावे : रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना, पोटावर पडणे, छातीत दुखणे वा धाप, असह्य डोकेदुखी, धूसर दिसणे, चेहऱ्यावर अचानक सूज, बोलणे अडखळणे, हातापायांत एका बाजूस शक्ती न राहणे, बाळाची हालचाल मंदावणे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोटाच्या एका बाजूस कळ येऊन घेरी आली, तर गर्भ नलिकेत राहिल्याचा संभव असतो. तेथे घटकाभरही थांबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. दूरध्वनी करताना महिना कितवा, शुद्ध आहे की नाही आणि जवळची खूण कोणती, एवढे सांगावे. तपासणीचे कार्ड प्रसादाच्या पिशवीत नव्हे, तर त्या भगिनीजवळच असावे.