कोरीडोरास वर धावतो, म्हणजे त्याला दम लागतो का?

प्रश्न : आमच्या दोन फुटी टाकीत गप्पी आणि टेट्रा आहेत. तळ स्वच्छ राहील म्हणून दुकानदाराने दोन कोरीडोरास दिले. ते तासन् तास कोपऱ्यात बसून असतात, नाहीतर वाळूत तोंड खुपसतात. मध्येच एखादा सरळ वर सुसाट जातो, पाण्याबाहेर तोंड काढतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. त्यांना श्वास घ्यायला त्रास होतोय का? पाण्यात औषध घालावं का? आणि वाळू तर अजून घाणच आहे, ती ते साफ का करत नाहीत?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : औषधाची बाटली आधी कपाटात परत ठेवा. तुम्ही आजाराची म्हणून जी लक्षणं सांगितलीत, त्यांतली बहुतेक या माशाची रोजची वागणूक आहे. खरी अडचण आहे ती ‘दोन’ या आकड्यात आणि ‘तळ स्वच्छ राहील’ या आश्वासनात. एकेक शंका घेऊ.

कोरीडोरास दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वताच्या पूर्वेला, त्रिनिदाद बेटापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या ओढ्यांत आणि नद्यांत त्याच्या दीडशेहून अधिक जाती आढळतात. आपल्याकडे दुकानांत बहुधा कांस्य रंगाचा किंवा अंगावर मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके असलेला कोरीडोरास मिळतो. ठिपकेवाल्याचे नमुने चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि १८४२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. हे मासे सहसा संथ, उथळ पाण्यात तळाशी वावरतात. अशा पाण्यात पालापाचोळा कुजतो, उन्हाने पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. फक्त कल्ल्यांवर अवलंबून राहणाऱ्या माशाची तिथे पंचाईत होते.

कोरीडोरासने यावर वेगळीच सोय केली आहे. तो वर येऊन हवेचा घोट गिळतो. ही हवा जठरातून पुढे आतड्याच्या मागच्या भागात जाते. तिथली भिंत अतिशय पातळ असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यातून प्राणवायू रक्तात शोषला जातो आणि उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. थोडक्यात, हा मासा आतड्यानेही श्वास घेतो. पाण्यात भरपूर प्राणवायू असला तरी तो अधूनमधून वर जातोच, कारण पोटातली ही हवा त्याला पाण्यात तोल सांभाळायलाही उपयोगी पडते. जाण्यायेण्यात घाई असते ती भीतीपोटी. पाण्याच्या पृष्ठभागावर पक्ष्यांचा धोका, म्हणून काम उरकून लगेच तळ गाठायचा.

यावरून दोन गोष्टी करायच्या. टाकी झाकणापर्यंत काठोकाठ भरू नका, वर दोन-तीन बोटं मोकळी हवा राहू द्या. आणि तेलकट साय किंवा तरंगत्या वनस्पतींनी सगळा पृष्ठभाग झाकला जाऊ देऊ नका.

मग काळजी कधी करायची? अधूनमधून होणारी फेरी ठीक. पण मासे मिनिटाला अनेकदा वर जाऊ लागले, तळाशी बसल्यावरही कल्ले भराभर हलत राहिले किंवा गप्पीसुद्धा वर तोंड काढून राहिले, तर दोष पाण्यात आहे असं समजा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सहज घडतं. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यातच गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते. बहुतेक कोरीडोरासना २२ ते २६ अंश मानवतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये एअर पंप सतत चालू ठेवा, टाकीचा दिवा कमी वेळ लावा आणि झाकण थोडं उघडून छोटा पंखा पृष्ठभागावर वारा घालेल असा ठेवा. बर्फाचे खडे टाकून पाणी एकदम गार करू नका. साचलेल्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियामुळेही मासे धापा टाकतात, तेव्हा दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत चला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र आधी काढायला हवं.

आता कोपऱ्यात बसण्याबद्दल. कोरीडोरास अधूनमधून निवांत बसतो, त्यात वावगं काही नाही. पण तासन् तास दडून राहणं हे बहुतेक वेळा एकटेपणाचं लक्षण असतं. हा कळपाने राहणारा मासा आहे. सोबती असले की तो धीट होतो आणि सगळे मिळून तळ हुडकत फिरतात. ते एकमेकांना अंगाने हलकेच ढुशा देतात. ती भांडणं नव्हेत, कळप एकत्र राखण्याची रीत आहे. हवा घ्यायलाही अनेकदा ते एकाच वेळी वर जातात, कारण गर्दीत एकट्यावर झडप पडण्याची शक्यता कमी. म्हणून एकाच जातीचे किमान सहा ठेवावेत. दोन जातींचे तीन-तीन घेऊन भागत नाही. दोन फुटी टाकीत सहा ठेवायचे तर बाकीच्या माशांची गर्दी कमी करा.

वाळूत तोंड खुपसणं म्हणजे त्याचं जेवण. मिशांनी चाचपून तो वाळूचा घास घेतो, त्यातले खाण्याजोगे कण वेगळे करतो आणि वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. त्यामुळे बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. बांधकामाची क्रश सँड किंवा टोकदार रंगीत खडे नकोत. पण मिशा झिजल्या की सगळा दोष खड्यांना देण्याची पद्धत आहे, तीही अपुरी. वाळू मऊ असली तरी तिच्यात घाण कुजत राहिली तर जंतूंमुळे मिशा झडतात. तळ स्वच्छ ठेवणं हे तुमचंच काम.

इथे दुकानदाराचं आश्वासन तपासू. कोरीडोरास इतर माशांची विष्ठा खात नाही आणि काचेवरचं शेवाळही खरवडत नाही. काचेला चिकटणारा तो ‘सकर’, हा नव्हे. कोरीडोरास किडे, अळ्या आणि तळाशी पडलेलं खाणं खातो. वरचे मासे चपळाईने सगळं फस्त करतात आणि सफाई कामगार समजून ज्याला वेगळं वाढलं जात नाही, तो हळूहळू खंगतो. रात्री दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, आठवड्यातून एखाद्या वेळी गोठवलेले ब्लडवर्म द्या. उरलेलं सकाळी काढून टाका.

आणखी एक गंमत तुमच्या नजरेस पडेल. हा मासा डोळा मारतो! त्याला पापणी नसते, तो बुबुळासकट डोळा खोबणीत खाली फिरवतो. डोळ्याचा आजार समजून घाबरू नका. धरताना मात्र जपा. पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांना टणक काटे असतात, ते ताठ होऊन जाळीत अडकतात आणि हातात घुसले तर झोंबतात. अडकलेला मासा ओढू नका, गरज पडल्यास जाळीच कापा. त्यापेक्षा प्लास्टिकच्या डब्याने धरणं सोपं.

कळप वाढल्यावर एखाद दिवशी पाणी बदलल्यानंतर नर मादीच्या मागे धावताना दिसतील. किंचित गार पाणी म्हणजे त्यांच्या लेखी पावसाळ्याची चाहूल. कांस्य कोरीडोरासची मादी नराचं वीर्य तोंडाने घेते, ते आतड्यातून पार होऊन पोटाखालच्या परांत धरलेल्या अंड्यांवर पडतं, असं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. नंतर ती अंडी काचेला चिकटवते. अंडी वाचवायची असतील तर ती वेगळ्या भांड्यात हलवा, कारण आईबाप स्वतःच ती खाऊन टाकतात.

तेव्हा क्रम असा ठेवा : आजपासून रात्रीच्या गोळ्या, या आठवड्यात तळाची सफाई, आणि पाणी ठीक आहे याची खात्री झाली की त्याच जातीचे आणखी चार मासे. औषधाचा, विशेषतः मिठाचा किंवा ताम्रयुक्त औषधाचा, विचार रोगाची स्पष्ट खूण दिसल्यावरच करा. कोरीडोरासना ती जपूनच द्यावी लागतात. आणि दुकानात पुन्हा कुणी ‘हा टाकी साफ करतो’ म्हणालं, तर हा काय खातो, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान पाहा.