पर्वतीय पॅराग्लायडिंग : पहिले उड्डाण, बाजारपेठ आणि नियमन

डोंगराळ प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत शेती, पशुपालन आणि सरकारी नोकरी यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत साहसी पर्यटन हे उत्पन्नाचे नवे साधन म्हणून पुढे आले आहे. त्यातही टँडेम पॅराग्लायडिंग, म्हणजे प्रशिक्षित वैमानिकासोबत नवख्या प्रवाशाने केलेले उड्डाण, विशेष लोकप्रिय झाले आहे. या उड्डाणासाठी प्रवाशाला कोणतेही पूर्वशिक्षण लागत नाही. त्यामुळे बाजारपेठ वेगाने विस्तारते. मात्र याच कारणाने प्रवासी आपल्या सुरक्षिततेचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो. पर्यटन, रोजगार, ग्राहक संरक्षण आणि राज्याची नियामक भूमिका हे सामान्य अध्ययनातील चारही विषय या एका व्यवसायात एकत्र येतात. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंगच्या उदाहरणाच्या आधारे त्यांचा विचार येथे केला आहे.

खेळाची पार्श्वभूमी

पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. कापडाचे दोन थर आणि त्यांना जोडणारे कप्पे यांचे हे छत्र समोरून शिरणाऱ्या हवेने फुगते आणि पंखाचा आकार धारण करते. अशा हवा भरणाऱ्या छत्राची कल्पना डोमिना जाल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात विकसित केली. १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी येथे काही हवाईछत्रीधारकांनी विमानातून उडी घेण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले. आधुनिक पॅराग्लायडिंगचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानला जातो. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९८९ मध्ये ऑस्ट्रियातील कोसेन येथे झाली.

हिमाचल प्रदेशच्या कांगडा जिल्ह्यात धौलाधार पर्वतरांगेच्या पायथ्याशी बीर हे गाव आहे. १९६० च्या दशकात येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. बीरहून सुमारे १४ किलोमीटरचा घाटरस्ता बिलिंग या कुरणावर जातो. गद्दी मेंढपाळांच्या बडा भंगालकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, तर बीरजवळील उतरण्याचे मैदान सुमारे १,४०० मीटरवर आहे. म्हणजे उड्डाणाला साधारण एक हजार मीटरची उंची उपलब्ध होते. २०१५ मध्ये येथे पॅराग्लायडिंग विश्वचषकाची फेरी झाली आणि या दरीचे नाव जगभर पोहोचले.

उड्डाणामागील विज्ञान

शांत हवेत पॅराग्लायडर सतत खाली येत असतो. तो सेकंदाला साधारण १.२ मीटर या वेगाने उतरतो असे धरले, तर एक हजार मीटर उंची संपण्यास सुमारे १४ मिनिटे लागतात. एक मीटर खाली येताना तो आठ मीटर पुढे जातो असे मानल्यास याच उंचीतून सुमारे आठ किलोमीटर अंतर कापता येते. याहून अधिक वेळ हवेत राहायचे असेल, तर वर जाणाऱ्या हवेचा आधार घ्यावा लागतो.

हा आधार दोन प्रकारे मिळतो. पहिला म्हणजे डोंगराच्या उतारावर आदळून वर वळणारा वारा. दुसरा म्हणजे औष्णिक प्रवाह, ज्याला वैमानिक ‘थर्मल’ म्हणतात. सकाळच्या उन्हाने दक्षिणेकडील उतार तापतात, त्यांच्या लगतची हवा हलकी होते आणि वर चढू लागते. दिवसा वारा दरीकडून शिखराकडे वाहतो, तर सूर्यास्तानंतर थंड झालेली हवा उतारावरून खाली ओघळते. धौलाधारचे दक्षिणाभिमुख उतार या प्रक्रियेला अनुकूल असल्याने बीर-बिलिंग प्रसिद्धीस आले.

परंतु जी हवा उचलते, तीच छत्र हेलकावते. भर दुपारी थर्मल तीव्र असतात. अनुभवी वैमानिक लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी त्यांची वाट पाहतो, तर नवख्या प्रवाशाला सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची सौम्य हवा मानवते. ढगांची उभी वाढ सुरू झाली की त्यांच्याखालील प्रवाह छत्राला आत ओढू शकतो. पावसाळ्यातील अस्थिर हवामान लक्षात घेऊन हिमाचलमध्ये १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पॅराग्लायडिंगला बंदी असते. त्यामुळे व्यवसाय मुख्यतः वसंत-उन्हाळा आणि शरद अशा दोन हंगामांत विभागला जातो.

पहिले उड्डाण : प्रवाशाची भूमिका

टँडेम उड्डाणात प्रवासी पुढे आणि वैमानिक मागे असतो. दोघांचे आसनपट्टे, म्हणजे हार्नेस, धातूच्या कड्यांनी एकाच छत्राला जोडलेले असतात. दोन व्यक्तींचा भार पेलण्यासाठी छत्राचे क्षेत्रफळ साधारण ४० चौरस मीटरच्या आसपास असते. प्रत्येक छत्राला प्रमाणित वजनमर्यादा असते. प्रवासी, वैमानिक आणि उपकरणे यांचे एकूण वजन त्या मर्यादेत बसावे लागते. म्हणूनच प्रवाशाचे वजन विचारले न जाणे ही साधी बाब समजता येत नाही.

प्रवाशाचे काम मोजके, पण महत्त्वाचे असते. वैमानिकाने सूचना देताच उताराच्या दिशेने चालू लागायचे, छत्र डोक्यावर आल्यावर धावायचे आणि पाय जमिनीवरून सुटेपर्यंत धावतच राहायचे. भीतीने मध्येच थांबणे किंवा पाय टेकलेले असतानाच खाली बसणे, ही नवख्यांची नेहमीची चूक असते. छत्राला पुरेसा वेग मिळण्याआधी भार पडला की दोघेही उतारावर कोसळू शकतात. उतरतानाही पाय पुढे ठेवून उभे राहण्याची किंवा सूचनेप्रमाणे आसनावर टेकण्याची तयारी ठेवावी लागते.

या खेळातील अत्यंत घातक चूक मात्र जमिनीवरच होते. मांड्यांभोवतीचे पट्टे न अडकवता उड्डाण केल्यास प्रवासी आसनातून निसटू शकतो. पट्टे, कडी, शिरस्त्राण आणि आणीबाणीची छत्री यांची तपासणी करण्यास एखादे मिनिट पुरते. पुढील प्रवाशांची रांग उभी असताना तेच मिनिट वाचवण्याचा मोह होतो. येथून प्रश्न तंत्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो.

माहितीची विषमता

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असेल आणि ग्राहकाला नसेल, तर चांगला माल बाजारातून बाहेर फेकला जाऊ शकतो. माहितीच्या विषमतेवरील कार्यासाठी अकेरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टँडेम उड्डाणाचा बाजार या सिद्धांताचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. छत्राचे कापड उन्हातील अतिनील किरणांनी हळूहळू कमकुवत होते, दोऱ्यांची लांबी वापराने बदलते आणि आणीबाणीची छत्री ठराविक काळाने उलगडून पुन्हा घडी करावी लागते. रंगीत आणि झळाळते छत्र किती तास वापरलेले आहे, हे पहिल्यांदा आलेल्या पर्यटकाला ओळखता येत नाही. त्याला दिसते ती फक्त किंमत. जो संचालक दोऱ्या वेळेवर बदलतो, वैमानिकाला विश्रांती देतो आणि वारा बिघडताच उड्डाण रद्द करतो, त्याचा खर्च वाढतो. जो यांपैकी काहीच करत नाही, तो दर कमी ठेवू शकतो. केवळ दराच्या आधारे निवड होऊ लागली की प्रामाणिक व्यावसायिकच तोट्यात जातो. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात.

दुसरा मुद्दा मोबदल्याच्या पद्धतीचा आहे. वैमानिकाला उड्डाणागणिक पैसे मिळत असतील, तर रद्द झालेले प्रत्येक उड्डाण म्हणजे बुडालेली मजुरी ठरते. वर्षाचे उत्पन्न मोजक्या महिन्यांत मिळवायचे असल्याने संशयास्पद हवेतही छत्र उघडण्याचा दबाव निर्माण होतो. येथे वैमानिकाचाही जीव पणाला लागलेला असतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातील केरी येथे झालेल्या अपघातात पर्यटक तरुणीबरोबर तिचा वैमानिकही मृत्युमुखी पडला. त्यामुळे वैमानिकाला केवळ दोषी ठरवून प्रश्न सुटत नाही. धोका स्वीकारण्यास भाग पाडणारी मोबदल्याची रचना बदलावी लागते. किमान हंगामी वेतन, हवामानामुळे रद्द झालेल्या उड्डाणांसाठी सामायिक निधी आणि दिवसाच्या उड्डाणसंख्येवर मर्यादा हे त्यावरील संभाव्य उपाय आहेत.

आकाश : एक सामायिक साधनसंपत्ती

एखाद्या थर्मलमध्ये एका वेळी किती छत्रे सुरक्षितपणे फिरू शकतात, याला मर्यादा असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीर-बिलिंगच्या आकाशात दोन छत्रांची टक्कर होऊन एका बेल्जियन वैमानिकाचा मृत्यू झाला. प्रत्येक अतिरिक्त छत्रामुळे इतरांचा धोका वाढतो, पण त्याची किंमत ते छत्र उडवणारा मोजत नाही. अर्थशास्त्रात याला ऋण बाह्यता असे म्हणतात. दरीचा नावलौकिकही असाच सामायिक असतो. एका निष्काळजी संचालकामुळे अपघात झाला, तर आरक्षणे सर्वांचीच रद्द होतात आणि त्याची झळ टॅक्सीचालक, खानावळी व घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबांनाही बसते.

सामायिक साधनांचा नाश अटळ नसतो, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणांतून दाखवले. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वापरकर्त्यांनी स्वतः ठरवलेले नियम, परस्परांवरील देखरेख आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दंड ही यशस्वी व्यवस्थांची लक्षणे त्यांनी नोंदवली आहेत. वैमानिकांच्या स्थानिक संघटनांना उड्डाणक्रम ठरवणे, टँडेम व एकेरी उड्डाणांच्या वेळा वेगळ्या ठेवणे आणि वारा तपासून मैदान बंद करणे यांचे अधिकार दिल्यास हा विचार प्रत्यक्षात येऊ शकतो.

घटनात्मक आणि कायदेशीर चौकट

घटनेच्या सातव्या अनुसूचीत विमाने व हवाई वाहतूक हा विषय संघसूचीतील नोंद २९ मध्ये आहे, तर क्रीडा व करमणूक हा विषय राज्यसूचीतील नोंद ३३ मध्ये आहे. पॅराग्लायडिंग या दोन्हींच्या सीमेवर येते. व्यवहारात या खेळाच्या पर्यटन व्यवसायाचे नियमन प्रामुख्याने राज्येच करतात. हिमाचल प्रदेशाने २००४ मध्ये हवाई क्रीडा नियम केले. संचालक व वैमानिकांची नोंदणी आणि उपकरणांची तांत्रिक तपासणी हा त्यांचा गाभा होता. मनाली येथील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था प्रशिक्षणाच्या क्षेत्रात महत्त्वाची भूमिका बजावते.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ हे वर्ष साहसी पर्यटन वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षी साहसी पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत झाली. महाराष्ट्रात कामशेत आणि पाचगणी परिसरात पॅराग्लायडिंग चालते. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन उपक्रमांसाठी धोरण जाहीर केले.

उड्डाणापूर्वी प्रवाशाकडून ‘सर्व जोखीम माझी’ अशा आशयाच्या कागदावर सही घेतली जाते. तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. खेळात अंगभूत असलेला धोका प्रवाशाने स्वीकारणे वेगळे आणि सेवा देणाऱ्याच्या हलगर्जीपणाला माफी देणे वेगळे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीबरोबरच ‘अनुचित करार’ ही संकल्पनाही समाविष्ट असून, अशा कराराच्या अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे. विम्याच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. अनेक वैयक्तिक विमापत्रांत साहसी खेळांतील इजा वगळलेली असते.

नियमन किती आणि कसे?

नियमन कडक करताना एक पेच निर्माण होतो. प्रशिक्षण, परवाना आणि प्रमाणित उपकरणे यांचा खर्च मोठा असतो. हा सर्व भार वैमानिकावर टाकला, तर भांडवल असलेले बाहेरचे व्यावसायिक टिकतील आणि डोंगरातील तरुण केवळ छत्र उचलणारा मजूर म्हणून उरेल. नियम शिथिल ठेवले, तर स्थानिकांना प्रवेश मिळेल, पण अपघाताची किंमत प्रवासी आणि वैमानिक मोजतील. म्हणून मानके कडक ठेवून ती गाठण्यासाठी स्थानिकांना साहाय्य करणे हा अधिक न्याय्य मार्ग ठरतो. प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती, उपकरणांसाठी सवलतीचे कर्ज आणि सामूहिक विमा यांवर केलेला खर्च हा अनुदान नसून मानवी भांडवलातील गुंतवणूक मानला पाहिजे.

माहितीची दरी कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वैमानिकाचा परवाना, छत्राच्या मागील तपासणीची तारीख, वजनमर्यादा आणि विम्याचे संरक्षण ही माहिती उड्डाणस्थळी फलकावर लावणे सक्तीचे केले, तर नवख्या प्रवाशाला दरापलीकडे पाहून निवड करता येईल. अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात यांची नोंद जाहीर झाल्यास इतरांनाही त्यांतून शिकता येईल. वारा प्रतिकूल असताना उड्डाण रद्द करणाऱ्या संचालकाला पर्यटकाने नाराजीऐवजी विश्वास दिला, तर बाजारही हळूहळू सुरक्षिततेला मोल देऊ लागेल. बिलिंगहून धावत निघालेला प्रवासी आणि त्याच्या मागे बसलेला वैमानिक दोघेही सुखरूप खाली उतरले पाहिजेत, आणि पुढील हंगामात त्या वैमानिकाच्या घरी चूलही पेटली पाहिजे. डोंगरी विकासाच्या धोरणाने या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणे आवश्यक आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहितीची विषमता आणि प्रतिकूल निवड या संकल्पना साहसी पर्यटनाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. सामायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनात स्थानिक संस्थांची भूमिका उदाहरणासह विशद करा.
३. पर्वतीय राज्यांत पर्यटनातून होणाऱ्या हंगामी रोजगाराच्या मर्यादा सांगून त्यावर उपाय सुचवा.
४. ‘कडक नियमन आणि स्थानिकांचा रोजगार ही परस्परविरोधी उद्दिष्टे नाहीत.’ या विधानाचे चिकित्सक परीक्षण करा.