किट घेण्याआधी गाव ठरव

परभणी



तुझ्या रेल्वे मॉडेलसाठीच्या इमारतींच्या किट्सची यादी पाहिली. दोन इंग्रजी बंगल्या, एक चर्च, एक विटांचं गोदाम, आणि पाटी मात्र परभणी जंक्शनची! तुझ्या हौसेला मोडता घालायचा नाही, पण पैसे भरण्याआधी थोडं ऐक.

पहिलं, साल ठरव. आपला रेल्वेमार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, तोवर इथे मीटरगेज होतं. तुला मीटरगेजची परभणी हवी असेल तर तुझ्या १:८७ प्रमाणात साधारण १२ मिलिमीटरचे रूळ लागतील. आणि साल मागचं घेतलंस, तर मोंढ्याभोवती स्लॅबच्या तीन मजली इमारती उभ्या करू नकोस.

दुसरं, प्रमाण. इंग्रजी पुठ्ठ्याची किट्स बहुतेक १:७६ ची असतात. सहा फुटी दार त्यात २४ मिलिमीटर होतं, १:८७ मध्ये २१. फरक किरकोळ वाटतो, पण शेजारी हमाल उभा केलास की लगेच डोळ्यात भरतो. अशी इमारत घेतलीच, तर ती रुळाला खेटून ठेव. मागे ठेवलीस तर लांबचं घर जवळच्याहून मोठं दिसेल.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, छप्पर. तिकडची उतरती स्लेटची छपरं आणि धुरांडी त्यांच्या थंडीपावसासाठी. आपलं जुनं घर म्हणजे माळवद: तुळया, त्यावर कड्या, किलच आणि वर पांढरी माती. कडेला पन्हळ, मधे उजेडासाठी साणं. भिंती दोन-अडीच फूट जाड, म्हणजे १:८७ मध्ये सात ते नऊ मिलिमीटर. किटमधली एकपदरी भिंत इथे चालणार नाही. पुठ्ठ्याचे दोन पदर घे, मधे पट्ट्या घालून अंतर ठेव, आणि खिडकी आतल्या पदराला चिकटव. कोनाड्यासारखी खोल सावली पडली की घर मराठवाड्यातलं दिसायला लागतं.

मग विकत काय घ्यायचं? रेल्वेच्या स्वतःच्या इमारती. हा मार्ग निजामाच्या राज्यातला असला, तरी १९३० पर्यंत तो इंग्रज कंपनीच्या हाती होता. त्यामुळे मालधक्क्याची शेड, इंजिन शेड ही किट्स इथे फारशी परकी वाटणार नाहीत. यादीतलं विटांचं गोदामही ठेव. वर पन्हाळी पत्रा घातलास आणि अंगणात कापसाची गंजी मांडलीस की सेलू-मानवतचं जिनिंग तयार. जमीन मात्र हिरवी करू नकोस, काळीच ठेव.

घरं स्वतःच काढ. समोरून सरळ फोटो घे, दाराशी माणूस उभा कर, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. रेखाटन जाड कागदावर छापलं की तुझं किट तयार. तू पुण्यातच आहेस, तर कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात एकदा जाऊन ये. गाड्या नंतर बघ. आधी इमारती रुळांपासून किती अंतरावर मांडल्यात ते बघ.

चर्च आणि बंगल्या यादीतून काढून टाक. दिवाळीला येताना टेप आणि वही आण. जुन्या गावात मोजण्यासारखी माळवदं अजून उभी आहेत, पण एकेक पाडून तिथे स्लॅब पडतोय. घरमालकाला आधी विचारू, चहाही मिळेल.

तुझा,
मामा