हरलेल्या डावांची वही

निगडीच्या प्राधिकरणात माझी थोरली बहीण राहते. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि आत माझा भाचा रुसून बसला होता. तो सातवीत आहे. त्याच्या ताईला कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि तीन आठवड्यांनी ती वसतिगृहात राहायला जाणार होती. ताई जाणार म्हणून स्वारी रुसली असेल, असे मला वाटले. पण कारण निराळेच निघाले. टीव्हीच्या पडद्यावर खेळायच्या एका द्वंद्वाच्या खेळात ताईने त्याला त्या सकाळी ओळीने अकरा वेळा हरवले होते.

“मामा, तिचं पात्रच भारी आहे,” तो म्हणाला. “ती जायच्या आधी मला एकदा तरी जिंकायचंय. एकदाच!”

खरे सांगायचे तर, अशा खेळांविषयी माझे मत तोवर फारसे चांगले नव्हते. बटणे बडवायची आणि ज्याची बोटे चपळ तो जिंकायचा, एवढीच माझी समजूत होती. परंतु त्याचा रडवेला चेहरा पाहून मी त्याच्या शेजारी बसलो, आणि पुढच्या तीन आठवड्यांत माझी ती समजूत पार पुसली गेली.

त्या खेळाचे नाव स्ट्रीट फायटर. जपानमधील कॅपकॉम या कंपनीने तो १९८७ साली प्रथम काढला. १९९१ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीने तो जगभर पोहोचवला. माझी भाचरे खेळत होती ती सहावी आवृत्ती, २०२३ सालची. खेळाची रीत साधी आहे. दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात. पडद्याच्या वरच्या कडेला प्रत्येकाच्या शक्तीची एक पट्टी असते. मार बसला की पट्टी आखडते, आणि ज्याची पट्टी आधी संपेल तो फेरी हरतो. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणाऱ्याची लढत.

मात्र प्रत्येक योद्ध्याचा स्वभाव वेगळा. धालसिम हा भारतातला योगी म्हणून रंगवलेला आहे. त्याचे हातपाय लांबच लांब ताणले जातात, म्हणून त्याने शत्रूला दूर ठेवूनच लढावे. (असे हात कोणत्या आसनाने लांबतात, ते तो खेळ रचणारे जपानी कलावंतच जाणोत!) रशियाचा झँगिएफ हा आडदांड मल्ल. तो चालतो हळू, पण हाताच्या अंतरावर आला की समोरच्याला उचलतो, गरगर फिरवतो आणि डोक्यावर आपटतो. रियू हा जपानी योद्धा मधल्या चालीचा. लांबून तो हाडोकेन नावाचा तेजाचा गोळा फेकतो, आणि कोणी उडी घेऊन अंगावर आला तर उसळत्या ठोशाने त्याला हवेतच गाठतो.

भाचा रियू घेई आणि ताई झँगिएफ. म्हणजे भाच्याजवळ लांबून मारायचे हत्यार होते, ताईजवळ नव्हते. मग तो हरत का होता?

तेवढ्यात माझे भाऊजी पहिली पाळी संपवून घरी आले. चाकणच्या एका कारखान्यात, मोटारींच्या दारांचे आणि छपरांचे पत्रे जेथे दाबून आकाराला आणतात त्या प्रेस विभागात ते काम करतात. (चाकण-भोसरीकडच्या पुष्कळ कारखान्यांना सुटी गुरुवारी असते, रविवारी नव्हे.) चहाचा कप हातात घेऊन ते थोडा वेळ पाहत राहिले. खेळात सरावासाठी एक वेगळी खोली आहे. तेथे योद्ध्याच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो, ते पडद्याच्या खाली चौकोनांच्या ओळीने दाखवतात. ती ओळ पाहून भाऊजी हसले.

“अरे, हा तर आमच्या प्रेसचा स्ट्रोक आहे! साचा खाली येतो, पत्रा दाबतो, मग वर जातो. साचा पूर्ण वर जाईपर्यंत प्रेसला दुसरा पत्रा दाबता येत नाही. तसाच हा तुझा ठोसा. हात पुढे जाणार, लागणार, आणि मग मागे येणार. मागे येताना त्याला काहीच करता येत नाही.”

साऱ्या खेळाची किल्ली या तीन वाक्यांत होती. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रे पालटतात. या खेळातला चपळ ठोसा चौथ्या चित्रालाच लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. आता माणसाचे पाहा. डोळ्यांनी काही दिसले, मेंदूने ते ओळखले आणि बोटाने बटण दाबले, एवढ्याला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. तेवढ्यात बारा ते पंधरा चित्रे निघून जातात. मग असा ठोसा पाहून कोण अडवील? कोणीच नाही. बोटे कितीही चपळ असोत, तो येणार हे आधी कळले असेल तरच तो अडतो. उलट, रियूचा उसळता ठोसा शत्रूने अडवला, तर खाली येऊन पुन्हा सावरेपर्यंत रियू सुमारे अर्धा सेकंद उघडा पडतो. अर्धा सेकंद म्हणजे तीस चित्रे. झँगिएफसारख्या मल्लाला तेवढा वेळ म्हणजे मेजवानीच.

मोटारींवरून भाऊजींना मी एक गंमत सांगितली, तीही येथे सांगून टाकतो. १९९१ च्या त्या दुसऱ्या आवृत्तीत, ठरावीक वेळात एका मोटारीची मोडतोड करण्याची एक जादा फेरी होती. खेळात काही चूक राहिली आहे का, हे निर्माते नोरिताका फुनामिझु त्या फेरीत तपासत होते. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, पहिला ठोसा पुरता मागे येण्याआधीच, नेमकी वेळ साधली तर दुसरा ठोसा घुसवता येतो. हे इतके अवघड आहे की कोणाच्या उपयोगाला येणार नाही, असे वाटून त्यांनी ते तसेच राहू दिले. खेळणाऱ्यांनी मात्र ते हुडकले, आणि त्यातूनच ठोशांना ठोसे जोडण्याची कला निघाली. तिला ‘कॉम्बो’ म्हणतात. आज असा खेळ तिच्यावाचून कोणी कल्पूही शकत नाही. “आम्ही मर मर पत्रा बनवायचा आणि यांनी तो चेपायचा!” एवढेच भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आपल्या हरलेल्या लढती पुन्हा लावून पाहिल्या. तशी सोय त्या खेळातच आहे. पहिली लढत पाहताना तो सारखा ताईच्या झँगिएफकडेच बघत होता. मी म्हणालो, “तिला नको, रियूला बघ. जणू रियू दुसराच कोणी खेळतोय असं समज.” हे त्याला मुळीच रुचले नाही. आपला पराभव पाहणे कोणाला आवडते? परंतु तिसऱ्या लढतीनंतर तो एकाएकी गप्प झाला, उठला, आणि दप्तरातून एक कोरी वही घेऊन आला.

त्याच्या ध्यानात आले होते ते असे. झँगिएफने आपटल्यावर रियू जमिनीवरून उठे, आणि जवळजवळ दर वेळी उठता उठता उसळता ठोसा मारी. ताईला ते ठाऊक झाले होते. ती नुसती हात आडवे धरून उभी राही. ठोसा अडे, रियू खाली येई, आणि ती त्याला पुन्हा उचलून आपटी. तो पुन्हा उठे आणि पुन्हा तोच ठोसा! वहीच्या पहिल्या पानावर त्याने लिहिले, “मी उठताना घाबरतो.” मला वाटते, त्या साऱ्या वहीतले सर्वांत मोलाचे वाक्य ते होते.

आमच्या लहानपणी वडील मला भोसरीला भैरवनाथाच्या उत्सवातल्या कुस्त्या दाखवायला नेत असत. आखाड्याच्या कडेला बसलेली म्हातारी मंडळी जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याकडेच अधिक लक्ष देत. कोणता पाय उचलला, मान कधी दिली, हे ती नेमके सांगत. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड आहे, आणि त्या तोडीलाही तोड आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीचे शिवराज राक्षे २०२३ साली महाराष्ट्र केसरी झाले. असा मल्ल वर्षानुवर्षे तालमीत घाम गाळतो, तो नुसत्या दंडाच्या बळासाठी नव्हे. समोरच्याचा हात कोठे पडला की पुढे काय येणार, हे अंगात मुरावे म्हणूनही तो रोज मातीत उतरतो.

भाच्यानेही आता तोड शोधायला घेतली. झँगिएफची ती फिरवण्याची पकड हात आडवे धरून अडत नाही. अडवणाऱ्याला तर ती हमखास धरते. पण जमीन सोडलेल्याला ती धरू शकत नाही. उठल्याबरोबर जागच्या जागी उभी उडी घेतली, तर मल्लाचे हात हवेत मिटतात आणि तो बराच वेळ उघडा पडतो. सरावाच्या खोलीत समोरच्या योद्ध्याला एखादी हालचाल शिकवून ठेवता येते. भाच्याने तेथल्या झँगिएफला तीच पकड शिकवली आणि रोज अर्धा तास तो नुसती उभी उडी घेत बसला. अर्धाच तास, कारण आईचे घड्याळ खेळातल्या घड्याळाहून कडक होते.

तरी पुढच्या रविवारी तो पुन्हा हरला. उभी उडी त्याला साधली, पण दूरवरच्या लढाईत त्याच्या तेजाच्या गोळ्यांचा काही उपयोग होईना. ताई नेमकी गोळ्यावरून उडी घेऊन अंगावर येई. “मामा, माझी बोटंच हळू आहेत,” तो म्हणाला. त्यावर मी त्याला किम ग्वान-वू यांची गोष्ट सांगितली. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत अशा खेळांना प्रथमच पदके होती. स्ट्रीट फायटरच्या पाचव्या आवृत्तीच्या स्पर्धेत भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हेही उतरले होते. सुवर्णपदक मिळाले दक्षिण कोरियाच्या किम यांना. त्यांचे वय होते ४४ वर्षे! भाच्याने माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले. बाबाही साधारण त्याच वयाचे.

ताई हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, “मी पण एक सांगू? टेकन नावाचा असाच एक खेळ आहे. त्यात दक्षिण कोरियाचा ‘नी’ हा खेळाडू जगात सर्वांत श्रेष्ठ मानला जायचा. पाकिस्तानातल्या खेळाडूंना तेव्हा बाहेर कोणी ओळखतही नव्हतं. लाहोरचा अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये जपानला गेला आणि तिथली मोठी स्पर्धा जिंकून आला. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने नीला अंतिम सामन्यात हरवलं. नीने काय केलं असेल? त्याच वर्षी तो स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांशी खेळला. त्यांच्याकडे काय आहे ते पाहायला.”

भाचा बराच वेळ कंट्रोलर हातात फिरवत राहिला. ज्याच्याकडून हरलो त्यालाच विचारायचे, हे सोपे नसते. त्यातून ती स्वतःची बहीण असेल तर फारच अवघड! शेवटी, तिच्याकडे न बघताच, त्याने विचारले, “ताई, माझा गोळा येणार हे तुला आधीच कसं कळतं?”

“तू गाणं म्हटल्यासारखे फेकतोस,” ती म्हणाली. “एक, दोन, मग थांबतोस, मग तिसरा. मी दोन मोजते आणि उडी घेते.”

हेही वहीत गेले. त्या आठवड्यात तो गोळे फेकण्याचा ताल मोडायला शिकला. कधी एक फेकून थांबायचे, कधी फेकण्याचा नुसता आव आणून उसळत्या ठोशाच्या तयारीत राहायचे. फेकलेल्या गोळ्यापेक्षा न फेकलेला गोळा अधिक कामाचा असतो, हे त्याला तेव्हा उमगले.

तिसरा रविवार आला. दाराशी ताईची ट्रंक बांधून ठेवलेली होती. सोमवारी सकाळची कराडची गाडी होती. जेवणे झाल्यावर दोघे बसली. पहिल्या दोन लढती ताईने जिंकल्या. तिसरीत दोघांची एकेक फेरी झाली. शेवटच्या फेरीत भाच्याने एक गोळा फेकला, दुसरा फेकला, आणि तिसरा फेकलाच नाही. ताईने ठरल्याप्रमाणे उडी घेतली आणि उसळत्या ठोशाने ती हवेतच गाठली गेली. मग तीही चवताळली. तिने रियूला गाठून आपटले. तो उठला. आम्ही सारे श्वास रोखून पाहत होतो. रियूने ठोसा मारला नाही, हातही आडवे धरले नाहीत. त्याने उभी उडी घेतली. झँगिएफचे हात हवेत मिटले, आणि खाली उतरता उतरता भाच्याने फेरी संपवली.

तो ओरडला नाही. नुसता ताईकडे पाहत राहिला. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, त्याची वही मागून घेतली आणि सारी पाने शांतपणे चाळली. मग पेन्सिल घेऊन शेवटच्या पानावर तिने एक ओळ लिहिली, “उठताना दर वेळी उभी उडीच?”

वही त्याच्या मांडीवर टाकून तिने कंट्रोलर पुन्हा उचलला.

“चल, आणखी एक,” ती म्हणाली. “आई, आम्ही दहाला झोपतो गं!”