मंत्रचळ : भावना आणि मेंदू

व्यापारी वर्गास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. एस्किरोल या फ्रेंच वैद्याने १८३८ साली जिची हकीकत छापली, ती कुमारी एफ. हिशेब पाहणारी बाई होती. आप्ताच्या घरून निघताना त्यांची एखादी वस्तू आपल्या खिशात नकळत आली तर नाही ना, अशी शंका तिला प्रथम आली. पुढे, हिशेब चुकून गिऱ्हाईक बुडेल, नाणे हाती घेतल्यास काही मौल्यवान बोटांस चिकटेल, इथवर मजल गेली. हे सारे वेडगळ आहे हे ती स्वतःच जाणत असे. यासच आपण मंत्रचळ म्हणतो, डॉक्टर ओसीडी म्हणतात.

आमचे एक दिवाणजी रात्री वखारीचे कुलूप ओढून पाहत व अर्ध्या वाटेवरून परत येत. आम्ही चारचौघांत त्यांची थट्टा केली, आणि दोन फेऱ्यांच्या पाच झाल्या! आम्हांस तो हट्ट वाटला.

डोळ्यांच्या खोबणीवरील मेंदूचा भाग 'काही चुकले' असा इशारा देतो. तो इशारा कॉडेट व थॅलॅमस या केंद्रांतून फिरून परत वर येतो. एरवी काम झाले की हा फेरा शमतो. मंत्रचळात तो चालूच राहतो, असे तज्ज्ञ मानतात. कुलूप डोळ्यांस दिसते, पण 'झाले' ही भावना उमटत नाही. भीतीशी अमिग्डाला व किळसेशी इन्सुला हे भाग निगडित आहेत. लाज वा भय वाढले की इशारा अधिकच प्रबळ होतो. आमच्या थट्टेने नेमके तेच केले. (पाणी गाळण्याचा आपला नियम याहून निराळा, तो एकदा पाळला की मन शांत होते.)

पुढे दया येऊन आम्ही रोज सांगू लागलो, "दिवाणजी, कुलूप आम्ही पाहिले." तीही चूकच. क्षणभर सुटका होते, आणि त्या सुटकेचीच मेंदूस चटक लागते.

लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दाखविले, की भीतीस सामोरे जाऊन कृती आवरली तर भीती आपोआप ओसरते. १९९२ साली बॅक्स्टर व सहकाऱ्यांस आढळले, की गुण आलेल्या रोग्यांत औषधाने काय किंवा अशा सरावाने काय, कॉडेटमधील वाढलेली धावपळ सारखीच मंदावते.

दिवाणजींस हा सराव उशिरा लाभला. डॉक्टरांनी आम्हांसही बजावले, की "कुलूप लागले ना?" या प्रश्नास उत्तर देऊ नये. पहिला आठवडा त्यांस झोप नव्हती, आम्हांसही नव्हती. आता ते एकदाच कुलूप ओढतात, क्वचित दोनदा.