नवजात बालकाचे स्तनपान : तिसऱ्या दिवसाची कसोटी

मूल जन्माला आले की ते आपोआप आईच्या अंगावर पिऊ लागते, त्यात शिकण्या-शिकविण्यासारखे काही नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चोखण्याची ओढ बालक जन्मतःच घेऊन येते आणि दूध निर्माण करण्याची सिद्धता मातेच्या शरीरात गरोदरपणातच झालेली असते. परंतु बालकाला छातीशी कसे धरावे, त्याने स्तन तोंडात कसा घ्यावा, दिवसातून किती वेळा पाजावे, या गोष्टी दोघांनाही शिकाव्या लागतात. पूर्वी हे शिक्षण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून आणि सुईणीकडून मिळे. त्यात हिताचे पुष्कळ असे आणि मध किंवा गुळाचे पाणी चाटविण्यासारखे अहिताचेही काही असे.

आज बहुसंख्य प्रसूती रुग्णालयात होतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. सहा महिन्यांखालील ज्या बालकांना केवळ आईचेच दूध मिळत होते, त्यांचे प्रमाण ६३.७ टक्के होते. म्हणजे माता रुग्णालयापर्यंत पोहोचली. पण तिला लागणारी मदत तिच्यापर्यंत पुरती पोहोचली नाही. स्तनपान सुटते ते बहुधा मातेची इच्छा नसते म्हणून नव्हे. पहिल्या आठवड्यातील लहानसहान अडचणींच्या वेळी शेजारी जाणते माणूस नसते, म्हणून ते सुटते.

पहिले तीन दिवस

प्रसूतीनंतर प्रथम येणारे दूध घट्ट, पिवळसर आणि थोडे असते. यालाच चीक म्हणतात. गाय व्याली की तिचा चीक वासराला वेळेवर पाजावा, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. माणसाच्या बाळाच्या बाबतीत मात्र हाच चीक पिळून टाकण्याची प्रथा अनेक घरांत होती व काही ठिकाणी अद्याप आहे. रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये चिकात विपुल असतात. त्याचे प्रमाण थोडे असते हे खरे. परंतु पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी सुमारे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभरच दूध मावते. तेव्हा निसर्गाने मागणीच्या मानानेच पुरवठा ठेवला आहे.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दुधाचे प्रमाण झपाट्याने वाढते. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या मातेला यास थोडा अधिक वेळ लागू शकतो. या मधल्या काळात बाळ वारंवार रडते, रात्रभर अंगावरून हलत नाही आणि त्याचे वजनही काहीसे घटते. जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंतची घट आढळते व निरोगी बालकाच्या बाबतीत ती सुमारे दोन आठवड्यांत भरून निघते. साधारण प्रसूतीनंतर माता बहुधा याच सुमारास रुग्णालयातून घरी येते. परिचारिका मागे राहिलेली असते, बाळंतीण थकलेली असते आणि बाळाचे रडे थांबत नाही. "हिला दूधच उतरले नाही," असा निर्णय याच वेळी दिला जातो आणि वरचे दूध सुरू होते. तिसरा दिवस हा अशा रीतीने कसोटीचा दिवस ठरतो.

वरच्या दुधाने खरी अडचण दूर होत नाही, उलट ती वाढते. स्तनातून दूध जितके बाहेर पडेल तितके नवे तयार होते, हा या क्रियेचा मूळ नियम आहे. बाळ चोखू लागले की मातेच्या मेंदूतील ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी चोखते. कमी चोखल्यामुळे दूध कमी होते. आणि कमी दुधामुळे बाटली वाढते. वेदना, चिंता आणि घरातील टोचून बोलणे यांमुळे पान्हा लांबतो, हेही ध्यानात ठेवावे. बाळंतिणीला धीर देणे हा उपचाराचाच एक भाग होय.

दूध पुरते की नाही?

केवळ रडण्यावरून हे ठरवू नये. पुढील खुणा अधिक विश्वसनीय आहेत. पहिल्या दिवशी बाळाला निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा अशी लघवी होत जाते आणि सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होते. शौचाचा रंग काळ्यावरून हिरवट व पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळा होतो. पिताना बाळाचे घोट ऐकू येतात आणि पिऊन झाल्यावर त्याची आवळलेली मूठ सैल पडते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे ही नवजात बालकाची सर्वसाधारण गरज आहे. त्यात रात्रीचे पाजणेही आले.

नेहमीच्या अडचणी व उपाय

पकड : बहुतेक अडचणींचे मूळ येथे असते. बाळाचे डोके व अंग एका सरळ रेषेत असावे आणि पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे. आईने बाळाकडे वाकू नये, बाळाला आपल्याकडे आणावे. बाळाने तोंड मोठे उघडताच स्तनाग्राबरोबर सभोवतालचा बराचसा काळसर भागही त्याच्या तोंडात जावा. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असली म्हणजे पकड बरोबर आहे असे समजावे.

स्तनाग्रे दुखणे व चिरा पडणे : बाळ केवळ स्तनाग्रच चोखत असेल तर असे होते. पाजणे बंद न करता पकड सुधारावी. बाळाला ओढून न काढता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत सरकवून पकड सोडवावी. पाजून झाल्यावर दुधाचेच थेंब स्तनाग्राला लावून ते वाऱ्यावर वाळू द्यावेत. दर वेळी साबणाने धुणे टाळावे.

स्तन दगडासारखे होणे : तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून आल्यामुळे स्तन ताठ व दुखरे होतात आणि बाळाला ते नीट धरता येत नाहीत. पाजण्यापूर्वी कोमट पाण्याच्या कापडाने थोडा वेळ शेकावे, हाताने थोडे दूध काढून पुढचा भाग मऊ करावा आणि मग पाजावे. पाजल्यानंतर गार पाण्याची घडी ठेवावी. येथे उपाय पाजण्याचा आहे, थांबविण्याचा नव्हे.

लाली, गाठ आणि ताप : स्तनाचा एखादा भाग लाल व गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळीही स्तनपान सामान्यतः चालू ठेवावयाचे असते. दूध साठून राहिल्यास दुखणे वाढते.

सपाट स्तनाग्रे : बाळ स्तनाग्र चोखत नाही, स्तन चोखते. म्हणून सपाट स्तनाग्रे असलेल्या बहुतेक माता योग्य मदत मिळाल्यास पाजू शकतात. याची तपासणी व मार्गदर्शन परिचारिकेकडून प्रसूतीपूर्वीच्या भेटींतच मिळावे.

झोपाळू किंवा कमी वजनाचे बालक : असे बालक मागणी करीत नाही, म्हणून त्याला दर दोन-तीन तासांनी जागे करून पाजावे. आईच्या उघड्या छातीशी ते त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवल्यास त्याला ऊब मिळते व चोखण्यास उत्तेजन मिळते. त्याला चोखता येत नसेल तर हाताने काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. बाटली वापरू नये. काढलेले दूध झाकून सावलीत ठेवावे आणि उन्हाळ्यात शक्य तितक्या लवकर वापरावे.

सिझेरियन : टाक्यांवर भार पडू नये म्हणून मातेने कुशीवर निजून, किंवा बाळाला काखेखालून बाजूला धरून पाजावे. पहिल्या दोन दिवसांत बाळ उचलून देण्यास घरचे माणूस जवळ असणे फार महत्त्वाचे आहे.

बाळंतिणीच्या आहाराविषयीही दोन शब्द. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी हे आपले परंपरागत पदार्थ पौष्टिक आहेत. ते जरूर द्यावेत. मात्र पाणी तोडणे किंवा वरण, भाजी, फळे वर्ज्य करणे यांत काही लाभ नाही. आणि कोणताही लाडू बाळाच्या चोखण्याची जागा घेऊ शकत नाही.

धोक्याच्या खुणा

धीर धरावा, पण डोळे उघडे ठेवून. बाळ अजिबात चोखत नसेल किंवा पिणे एकाएकी सोडले असेल, अंग थंड पडले असेल किंवा ताप असेल, श्वास जलद चालून छाती आत ओढली जात असेल, लघवी वरील प्रमाणापेक्षा कमी होत असेल, पहिल्या चोवीस तासांत कावीळ दिसली असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले असतील, बाळ निपचित पडले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. काही थोड्या मातांना सर्व प्रयत्नांनंतरही दूध खरोखरच अपुरे पडते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध देणे योग्यच आहे आणि त्यात मातेला कमीपणा नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती अशाच दुर्बल बालकांसाठी.

गावाचे कर्तव्य

घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा मार्ग महाराष्ट्रानेच दाखविला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन हे कार्य केले. स्तनपानास मदत, ऊब राखणे आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार या सर्वांच्या योगाने तेथील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीकडून गृहभेटी दिल्या जाऊ लागल्या. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या व ४२ व्या दिवशी, आणि घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही, अशा या भेटी आहेत. यांतील तिसऱ्या दिवसाची भेट एकदाही चुकू नये, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे. गरोदर स्त्री बाळंतपणासाठी माहेरी जाते, तेव्हा तिचे नाव दोन गावांच्या याद्यांमध्ये हरवते. ती कोणत्या गावी गेली, हे तेथील आशा कार्यकर्तीला कळविणे एवढे साधे काम पुष्कळ साधून जाते.

आरोग्य अधिकाऱ्यांनी एक नियम पाळावा. बाळ अंगावर नीट पीत आहे, हे परिचारिकेने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मातेला घरी पाठवू नये. बालकांच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास आणि त्यांचे मोफत नमुने वाटण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. रुग्णालयाच्या भिंतीवर किंवा औषधाच्या दुकानात तिचे उल्लंघन दिसल्यास ते वरिष्ठांच्या नजरेस आणावे. शिक्षकांचा शब्द गावात मानला जातो. पालकसभेत किंवा ग्रामसभेत त्यांनी हा विषय काढावा आणि तो मुख्यतः सासवांपुढे व तरुण वडिलांपुढे मांडावा. कारण वरचे दूध सुरू करण्याचा निर्णय अनेक घरांत तेच घेतात. पाचवीच्या पूजेला घरात चार बायका जमतात. त्या वेळी बाळंतिणीला 'दूध आहे ना?' असे विचारण्याऐवजी 'बाळाला लघवी किती वेळा होते?' एवढे विचारले, तरी संशयाच्या जागी माहिती येईल.

यासाठी मोठा निधी लागत नाही की नवी इमारत लागत नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळंतिणीजवळ एक जाणते, सौम्य बोलणारे माणूस रोज अर्धा तास बसेल, एवढी व्यवस्था प्रत्येक गावाने करावयाची आहे. आपल्या गावात या महिन्यात कोणाकोणाची प्रसूती अपेक्षित आहे, त्यांची यादी अंगणवाडीत तयारच असते. ती मागवून घेऊन या कामास आरंभ करावा.