लाल बटणाचं भाडं

मनू, तुझा मेसेज रात्री साडेअकराला पाहिला. मुद्दामच उत्तर दिलं नाही, कारण ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. ‘ताई, गाडीच्या अ‍ॅपचं पॅक तीस तारखेला संपतंय. मोबाइलवरून एसी सुरू करायला पैसे कोण देणार!’ आणि खाली तो हसून लोळणारा चेहरा. अगं, ती यादी जरा खालपर्यंत वाच की. एसी, दरवाजे, सनरूफ, गाडी कुठे उभी आहे ते, हे सगळं झालं की अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘एसओएस’ असेल. आरशाच्या वर छताला ते लाल बटण आहे ना, पिल्लू तुझ्या मांडीवर उभं राहून ज्याच्यावर झडप घालतं आणि तू ओरडतेस, तेच ते. तीस तारखेनंतर ते मुकं होणार.

आता एक कबुली देते. आईचा हात बाथरूममध्ये घसरून मोडला, असं आम्ही तुला सांगितलं होतं. तू तेव्हा सातव्या महिन्यात होतीस, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ती बाथरूममध्ये पडली नव्हती. माझ्या गाडीत होती.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही दोघी परत येत होतो. तुझे भाऊजी दिल्लीला होते, गाडी मीच चालवत होते. आई मागे ऐसपैस बसलेली, पट्टा न लावता. (हो, माहितीये. मी बोलले नाही ही माझीच चूक.) पाऊस असा की वायपर पुरा पडेना. खंबाटकीचा बोगदा संपला की पुढे ते एस आकाराचं वळण आहे बघ, आपल्या साताऱ्याच्या खंडाळ्याच्या अलीकडे. तिथे गाडीनं माझं ऐकणं सोडलं. सरकत गेली आणि डावा कोपरा कठड्याला लागला. वेग फार नव्हता, एअरबॅगही उघडल्या नाहीत. पण आई समोरच्या सीटवर आदळली आणि तिनं हात धरून जो आवाज काढला, तो अजून कानात आहे.

माझा फोन सीटखाली कुठेतरी गेलेला. आईचा फोन नेहमीप्रमाणे चार्जिंग संपून पर्समध्ये झोपलेला. तेव्हा मला ते बटण आठवलं. गाडी घेताना शोरूममधल्या पोरानं किती कौतुकानं दाखवलं होतं! झाकण उघडलं, दाबलं. एक टुंग आवाज आला, समोरचा पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजीत एक सभ्य वाक्य उमटलं, की आपली वर्गणी अमुक तारखेला संपली आहे. खाली क्यूआर कोड. स्कॅन करा, नूतनीकरण करा. मनू, आई मागे कण्हतेय, बाहेर ट्रकचे दिवे अंगावर येतायत, आणि मी त्या चौकोनाकडे बघत बसले होते.

मग एक दुधाचा टेम्पो थांबला. त्या माणसानं आधी आमच्या मागे आपली गाडी तिरकी लावून दिवे चालू ठेवले, मग काच ठोठावली. आईला बघून म्हणाला, “मावशींचा हात हलवू नका.” आणि स्वतःच्या फोनवरून १०८ लावला. ती गाडी आली, आत डॉक्टर होते, हाताला फळी बांधली, रुग्णालयात नेलं. पैशाचं नावही कुणी काढलं नाही. २०१४ पासून ही सेवा आपल्या राज्यात फुकट आहे. टेम्पोवाल्याला मी नाव विचारलं तर म्हणाला, “नाव कशाला, ताई?” कायद्यानंही त्याला ते सांगायची सक्ती नाही. मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलंय. त्याला ते ठाऊक असेल असं मला नाही वाटत. तो आपला थांबला.

पॅकचा मेसेज मलाही आला होता गं. चार वेळा. मीही तुझ्यासारखीच हसले होते, एसीला कोण पैसे देणार म्हणून.

त्या रात्रीनंतर मी या प्रकरणाच्या मागेच लागले. भाऊजी म्हणतात, कंपनीचं वकीलपत्र मी घेतो. त्यांचं म्हणणं असं, की गाडीत एक सिमकार्ड असतं, त्याचं भाडं मोबाइल कंपनीला जातं. बटण दाबल्यावर फोन उचलायला तीन पाळ्यांत माणसं बसवावी लागतात. हे सगळं कुणीतरी भरायलाच हवं. बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणते? पण ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून प्रत्येक गाडीत सक्तीची झाली, तिचाही खर्च कुणीतरी भरतोच ना? गाडीच्या किमतीत एकदा भरतो आणि विसरतो. तीन वर्षांनी एअरबॅगचं पॅक संपलं म्हणून ती फुगायची थांबत नाही. भाऊजी यावर म्हणाले, एअरबॅगला फोन उचलावा लागत नाही. म्हटलं, खरंय, मग युरोपात बघा काय केलंय ते.

युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना आणि हलक्या व्हॅनना ‘ई-कॉल’ सक्तीचा आहे. मोठी धडक बसली की गाडी आपणहून ११२ ला फोन लावते. बटण दाबूनही लागतो. सोबत गाडी कुठे आहे, कुठल्या दिशेनं चालली होती, कितीची वेळ, कुठली गाडी, एवढी मोजकी माहिती जाते. एरवी ते यंत्र झोपलेलं असतं, तुमचा माग काढत बसत नाही. आणि वर्गणी? शून्य. नियमातच लिहिलंय की ही सार्वजनिक सेवा आहे, फुकट मिळाली पाहिजे. कंपनीला स्वतःची वेगळी सेवा विकायची तर खुशाल विकावी, पण खाली ११२ चा आधार राहिलाच पाहिजे. मला यातली मेख आवडली. फोन सरकारी नियंत्रण कक्षात जातो, तिथली माणसं आधीपासून बसलेलीच आहेत, म्हणजे कंपनीला तीन पाळ्यांचा पगार द्यायलाच नको. भाऊजींचं अर्धं वकीलपत्र तिथेच गळालं. फोर्डनं तर अमेरिकेत वेगळीच साधी युक्ती केली. ब्लूटूथनं जोडलेल्या तुमच्याच फोनवरून गाडी थेट ९११ लावते. त्याला वर्गणी नाही.

पण त्याच अमेरिकेत काय झालं तेही ऐक. ही गोष्ट वाचली त्या दिवशी मी पिल्लूला व्हिडिओ कॉल केला होता, आठवतंय? तू विचारलंस, आज काय विशेष? घटना फेब्रुवारी २०२३ ची. शिकागोजवळ लेक काउंटीत एका आईची फोक्सवॅगन चोरांनी पळवली. आत तिचा दोन वर्षांचा मुलगा. तिनं अडवायचा प्रयत्न केला तर तिच्या अंगावर गाडी घालून गेले. गाडी कुठे आहे हे कंपनीच्या सेवेला समजू शकत होतं. पोलिसांनी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, की मोफत मुदत संपलीय, आधी १५० डॉलर भरा. पोलीस विनवतायत, लेकरू आहे आत. मग कार्डाचा नंबर मिळवायचा, परत फोन करायचा, पैसे भरायचे, तेव्हा कुठे ठावठिकाणा! मूल सुखरूप सापडलं, पण कंपनीमुळे नाही. नंतर कंपनीनं चूक कबूल केली, अशा वेळेसाठीचा आमचा नियम पाळला गेला नाही म्हणाली, आणि काही महिन्यांनी बऱ्याचशा नव्या गाड्यांना आपत्कालीन सेवा पाच वर्षं फुकट केली. म्हणजे फुकट देणं परवडत होतंच की.

त्या फोनवरच्या माणसाचा मला राग येत नाही, खरं सांगते. त्याच्या पडद्यावर ‘संपलं’ असं लाल अक्षरांत आलं असेल. माझ्याही आलं होतं.

मला जे खटकतं ते पैशांपेक्षा वेगळंच आहे. पॅक संपतं, पण बटण जागच्या जागी राहतं. तसंच लाल, तसंच चकचकीत. लिफ्टशेजारी आग विझवायचा सिलिंडर टांगलेला असतो आणि त्यावरची तारीख कुणी बघत नाही, तसं. बटण नसतंच तर मी आधी फोन शोधला असता, काच खाली करून ओरडले असते. ते होतं म्हणून माझी मिनिटं त्यात गेली. आता विचार कर, ही गाडी उद्या तू विकलीस. घेणारा बिचारा पहिली गाडी म्हणून सेकंडहँड घेतोय, छत बघून खूश होतोय. त्याला कोण सांगणार? विकतानाच्या कागदांत टायरचं लिहितात, इन्शुरन्सचं लिहितात, बटणाचं लिहिलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

आणि नियमित पैसे भरणाऱ्यांचीही खात्री नाही बरं. अमेरिकेत एटी अँड टीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा कितीतरी जुन्या गाड्यांमधली ही सोय गेली. यंत्र थ्रीजीचं, आता बोलणार कुणाशी?

आपल्याकडे तर गंमतच आहे. टॅक्सी-बसला आपत्कालीन बटण सक्तीचं, नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जानेवारी २०१९ पासून. आपल्या खासगी गाडीला मात्र कंपनीची मर्जी. फोनचा रिचार्ज संपून आउटगोइंग बंद झालं तरी ११२ लागावा, अशी तरतूद आहे. तीन-चारशे रुपयांच्या रिचार्जला जी सवलत, ती पंधरा लाखांच्या गाडीला नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, तासाला एकोणीस. कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आहेच, इजा झाल्यापासूनचा पहिला तास. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस द्यायची योजनाही आली. (हे घरच्यांनाही सांगून ठेव, रुग्णालयात विचारायला सुचत नाही.) सरकार उपचारांचे पैसे भरायला तयार आहे, आणि त्या पहिल्या तासात निरोप पोचवणाऱ्या बटणाला मात्र भाडं. हे सगळं मी एका पत्रात लिहून कंपनीला पाठवलं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. तरी परत लिहिणार आहे.

हे झालं माझं भांडण. तुझं काय? तू भर. तत्त्व-बित्त्व माझ्याकडे राहू दे, तू दर गुरुवारी नाशिक-धुळे एकटी करतेस, तीही अंधार पडल्यावर. महिन्याच्या पार्लरइतके पैसे असतील. नाक मुरडत भर, पण भर. फक्त आधी कस्टमर केअरला विचार, नुसतं एसओएसचं लहान पॅक आहे का. कधी असतं, आपणहून कुणी सांगत नाही.

आणि भरलंस म्हणजे झालं असंही समजू नकोस. अ‍ॅपमध्ये जाऊन आपत्कालीन संपर्कात कुणाचा नंबर आहे ते बघ. माझ्यात अजून बाबांचा बंद झालेला नंबर होता. तुझ्या गाडीत दोन बटणं असतील, लाल एसओएसचं आणि शेजारी ‘आय’ लिहिलेलं, पंक्चर-बिंक्चरसाठी. या रविवारी ते आयचं दाबून बघ. कोण उचलतं, मराठी येतं का, आणि त्याला विचार की मी लाल दाबलं तर तू पुढे कुणाला फोन करणार? आपल्याकडे बहुतेक कंपनीचं कॉल सेंटरच उचलतं आणि ते पुढे कळवतं. म्हणजे मध्ये एक माणूस वाढला. त्याला ‘चांदवडच्या पुढे’ म्हटलं तर काय कळणार? रस्त्याकडेच्या पिवळ्या डोक्याच्या दगडावरचा आकडा आणि कुठून कुठे चाललीस ते सांगायची सवय ठेव.

घाटात रेंज नसेल तर ते बटणही मुकंच, हे लक्षात असू दे. ताम्हिणीत मी त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवत नाही. फोन मात्र दरवाजाच्या खणात टाकत जाऊ नकोस, होल्डरला घट्ट अडकव. पॉवरचं बटण पटापट दाबलं की आपत्कालीन फोन लागतो, तुझ्या फोनला किती वेळा दाबावं लागतं ते घरीच बघून ठेव. ११२, १०८ आणि हायवेचा १०३३ हे तिन्ही कागदावर लिहून सनवायझरला लाव. हसू नकोस, कागदाचं पॅक संपत नाही.

मागच्या सीटवर कुणीही बसो, पट्टा. आई असली तरी. विशेषतः आई असली तर.

आणि हे बघ, मी तुला खरं सांगितल्याचं तिला कळू देऊ नकोस. तू त्या वेळी काळजीनं कुरिअर केलेली रबरी मॅट अजून आमच्या बाथरूममध्ये अंथरलेली आहे. आलं-गेलं कुणी विचारलं की ती कौतुकानं सांगते, “धाकटीनं पाठवली, मी पडले होते ना.”